डाव्या पायाला दोन कामं

गेल्या जुलैत इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या बाजूच्या गल्लीत माझी मोटारसायकल आडवी झाली. मी चार पावलांवर उभी होते, हातात जिरावन मसाला भुरभुरलेले पोहे. कुणाचा धक्का लागला नाही, वाराही नव्हता. गाडी आधी वीतभर पुढे सरकली, खालून ‘टक’ असा आवाज आला आणि १९० किलोंचा तो ऐवज डाव्या कुशीवर निजला. क्लचचा दांडा वाकला, आरसा फुटला. पोहे वाचले.

उचलायला तिघं धावले. एक म्हणाला, “मैडम, ज़रा हल्की गाड़ी लिया करो.” दुसरा त्याला सांगत होता, “स्टैंड तो लगा था भिया, मैंने खुद देखा.” घरी आले तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, गाडी शनिवारी आणलीस ना? लिंबू-मिरची तरी बांध!” मी पाच फूट एक इंच, गाडी साडेतीनशे सीसीची, त्यामुळे गुन्हेगार सगळ्यांनी आधीच ठरवून टाकला होता: माझी उंची. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. आरोपीलाही वकील मिळायला हवा, म्हणून हा लेख.

तिघांत खरं बोलला तो दुसरा. स्टँड लागलेला दिसत होता. पण दिसणं आणि लागणं यांत काही अंशांचं अंतर असतं, आणि माझी गाडी त्या अंतरात पडली.

आधी गाडी उभी का राहते ते बघू. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही; चार पायांच्या टेबलाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. तीन बिंदू नेहमी एका प्रतलात असतात, चौथा असेलच असं नाही. साइड स्टँडवरची गाडी म्हणजे अशीच चूल: पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टँडचा तळवा. हे तीन बिंदू जोडून जमिनीवर त्रिकोण काढा. गाडीच्या गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा त्या त्रिकोणात पडतो तोवर गाडी उभी.

आता त्रिकोणाची उजवी बाजू बघा. ती म्हणजे दोन चाकांना जोडणारी रेघ. गाडी सरळ उभी असेल तर ओळंबा बरोबर त्या रेघेवर, म्हणजे अगदी काठावर पडतो. म्हणून स्टँड गाडीला डावीकडे कलवून ठेवतो. माझ्या गाडीचा कल मी फोनवरच्या कोनमापकाने मोजला, १० अंश भरला. गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर धरली तर ओळंबा रेघेपासून ५५ × साइन १०°, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर आत पडतो. हीच गाडीची शिल्लक. कुणी डावीकडून ढकललं तर ही साडेनऊ सेंटिमीटर संपेपर्यंत गाडी उजवीकडे पडत नाही.

पण निघताना गाडी सरळ करायची तर हीच शिल्लक चालवणाऱ्याला आपल्या अंगातून भरावी लागते. हँडल जमिनीपासून मीटरभर वर आहे असं मानून मी हिशेब केला. १० अंशांवर कललेली गाडी सरळ करायला सुरुवातीला साधारण १८ किलोंचा जोर लागतो. ३० अंशांवर ५२ किलोंचा. आणि २ अंशांवर? फक्त साडेतीन किलोंचा. गाडी तीच, १९० किलोंची. जवळजवळ सरळ उभी असताना ती पाठीवरच्या दप्तराएवढी हलकी असते. “हल्की गाड़ी लिया करो” म्हणणाऱ्या गृहस्थांचा इथे निकाल लागतो. प्रश्न वजनाचा कमी, कोनाचा जास्त.

आणि कोनावरच बुटक्या माणसाचं घोडं अडतं. माझ्या सीटची उंची ८० सेंटिमीटर. माझी पायाची आतली लांबी (भिंतीला टेकून, मांड्यांमध्ये पुस्तक धरून मोजतात ती) ७१, बुटाचे ३. मी बसल्यावर शॉकर दोन-अडीच सेंटिमीटर दबतात. तरी टाचा अधांतरीच; शिवाय सीट रुंद, तिच्यावर पाय फाकण्यात आणखी उंची खर्च होते. उंच माणूस उजवा पाय पूर्ण टेकवून गाडी सरळ धरतो आणि रिकाम्या डाव्या पायाने स्टँड पाडतो. मी काय करते? एक पाऊल तरी नीट टेकावं म्हणून गाडी डावीकडे झुकवते. म्हणजे गाडी तोलली आहे डाव्या पायाने, आणि स्टँड पाडायचा आहे त्याच डाव्या पायाने.

आता माझ्या आवडत्या भागाकडे येते: स्टँडची स्प्रिंग. वर्गात ही काढायला घेतली की तास संपतो.

गुडघे टेकून गाडीखाली बघा. एकच स्प्रिंग (कधी एकात एक दोन) असते. तिचं एक टोक चासीवरच्या खुंटीला, दुसरं स्टँडवरच्या खुंटीला अडकवलेलं. स्टँड वर असतो तेव्हा हीच स्प्रिंग त्याला वर ओढून धरते. स्टँड खाली असतो तेव्हा हीच त्याला खाली ओढून धरते. एकच स्प्रिंग दोन उलट दिशांना कशी ओढते? कारण स्प्रिंगला दिशा कळत नाही, तिला फक्त आखूड व्हायचं असतं. चासीवरची खुंटी स्टँडच्या बिजागरी-बोल्टपासून ६ सेंटिमीटरवर आणि स्टँडवरची ४ सेंटिमीटरवर आहे असं समजा. स्टँड फिरताना एक क्षण असा येतो की खुंटी, बोल्ट, खुंटी तिन्ही एका रेषेत येतात. तेव्हा स्प्रिंग सगळ्यात लांब, ६ + ४ = १० सेंटिमीटर. त्या जागेपासून ५० अंश इकडे वा तिकडे गेलं की लांबी ९.१ उरते. म्हणजे मध्यावर टेकडी आणि दोन्ही बाजूंना उतार. खंडव्याच्या रस्त्यावर भेरूघाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करून सोडली तर एक तर इंदूरकडे घरंगळेल नाही तर खंडव्याकडे, तसंच. (करून बघू नका.)

मध्यबिंदूवर एक गंमत आहे. स्प्रिंग तिथे सर्वाधिक ताणलेली असते, पण स्टँड फिरवण्याची तिची ताकद तिथेच शून्य असते. कारण ताण थेट बोल्टमधून जातो, तरफेचा हात उरत नाही. ५० अंश बाजूला गेलं की तोच हात सुमारे २ सेंटिमीटर होतो. शाळेतलं बल-आघूर्ण, बल गुणिले लंबांतर, ते हेच. भिंतीवरच्या दिव्याचा खटका याच तत्त्वावर चालतो, म्हणून तो अर्धवट राहत नाही. जत्रेतला पत्र्याचा टिकटिक बेडूक याचाच चुलतभाऊ.

तर पायाने स्टँडला माथ्यापार नेलं की ‘टक’ होतं, पुढचं काम स्प्रिंग करते आणि स्टँड पुढे जाऊन चासीवरच्या, त्याला अडवणाऱ्या अटकेवर आदळतो: ‘ठण्’. हा दुसरा आवाज महत्त्वाचा. कारण वाटेत आणखी एक टेकडी आहे आणि ती जमिनीची आहे. स्टँडचा तळवा वर्तुळात फिरतो, म्हणजे मध्ये कुठेतरी तो सर्वांत खाली येतो आणि मग पुढे जाताना पुन्हा किंचित वर चढतो. २८ सेंटिमीटरचा स्टँड त्या तळापासून आणखी २० अंश पुढे जाऊन थांबत असेल, तर तळाशी तो जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटर जास्त लांब पडतो. तेवढी जागा मिळायला गाडी स्टँडवर उभी असतानाच्या कलापेक्षा तीनेक अंश जास्त सरळ धरावी लागते. उंच माणसाला हे करावं लागतं याचा पत्ताच नसतो. त्याची गाडी आधीच सरळ असते. मी मात्र गाडी डावीकडे कलवून बसलेली. स्टँड अलगद पडतो, ‘टक’ होतं, आणि अटकेला पोचायच्या आत तळवा जमिनीला टेकतो. ‘ठण्’ होतच नाही. गाडीचा भार त्यावर आला की स्टँड लागला असंच वाटतं.

अशा अर्धवट स्टँडवरची गाडी पुढे सरकली की जमीन स्टँडला मागे ढकलते, तो माथ्यापर्यंत जातो, आणि तिथून स्प्रिंग फितूर होऊन त्याला वर ओढून घेते. छप्पनला ऐकलेला ‘टक’ तो हा. गल्लीला पुढे उतार होता आणि मी गाडी गिअरमध्ये ठेवली नव्हती. एवढी चूक मी कबूल करते. तोंड चढाकडे आणि पहिला गिअर, हे उंच-बुटक्या सगळ्यांनाच लागू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक नव्या मोटारसायकलींत स्टँड खाली असेल तर इंजिन बंद पाडणारा स्विच असतो. त्याचा इथे उपयोग नाही. स्टँड वर नाही एवढंच त्याला कळतं. पुरता खाली आहे की नाही हे तो विचारत नाही.

यावर हमखास मिळणारा सल्ला: “शॉकर खाली बसवून घे, गाडी इंचभर खाली येईल.” येईल. पण स्टँड तेवढाच लांब राहील. चाकांच्या रेघेपासून तळवा ३० सेंटिमीटरवर आहे आणि बिजागरी अडीच सेंटिमीटर खाली आली, तर कल जवळजवळ ५ अंशांनी कमी होतो. दहाचे पाच! शिल्लक साडेनऊवरून पावणेपाच सेंटिमीटर, म्हणजे आता गाडी उजवीकडे पडायला एखादं पोर लोंबकळलं तरी पुरे. शिवाय तळवा जमिनीला आधीपेक्षा लवकर टेकणार, म्हणजे मूळ दुखणं दुप्पट. गाडी खाली घेतली तर स्टँडही कापून आखूड करायलाच हवा, हे फार थोडे सांगतात.

इथला परिच्छेद जरा सांभाळून वाचा. पुढचं चाक धरणाऱ्या काट्याचा (फोर्कचा) अक्ष जमिनीला जिथे भिडतो, त्या जागेच्या दहाएक सेंटिमीटर मागे चाक टेकलेलं असतं. म्हणून हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की टेकणबिंदू चासीच्या मानाने उजवीकडे सरकतो. ३५ अंशांना साडेपाच-पावणेसहा सेंटिमीटर. त्रिकोणाची उजवी कड पुढच्या टोकाला तेवढी बाहेर जाते, गुरुत्वमध्यापाशी त्याच्या अर्धी. साडेनऊची शिल्लक बारापर्यंत पोचते. बहुतेक गाड्यांचं हँडल-लॉक डावीकडे लागतं ते सोयीचंच आहे. उलट, निघताना हँडल उजवीकडे वळवून मग गाडी उचला. शिल्लक घटते, म्हणजे उचलायचंही कमी. मला हे कळायला आठ वर्षं गेली.

काळ्या मातीबद्दल थोडक्यात. स्टँडवर येणारा भार १९० × ९.५ ÷ ३०, म्हणजे ६० किलो, आणि तळवा वीसेक चौरस सेंटिमीटरचा. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो. टायरखाली साधारण २. माळव्याची माती पावसात फुगते, लोण्यासारखी होते आणि स्टँड गिळते. तळव्याखाली घालायला चपटा डबा शोधावा तर २०१७ पासून सलग अनेक वर्षं देशात स्वच्छतेत पहिल्या आलेल्या आमच्या शहरात तोही सापडत नाही. मी फरशीचा तुकडा बॅगेत ठेवते.

लिंबू-मिरचीचाही हिशेब मी केला. ६० ग्रॅमची माळ हँडलच्या उजव्या टोकाला बांधली तर गाडी डावीकडून सरळ व्हायला अशा हजाराहून जास्त माळा लागतील. काकूंना सांगितलं, त्या म्हणाल्या, “तुझं आपलं काहीतरीच.” दुसऱ्या टोकाला भाचा: “मावशी, आता आपोआप तोल सांभाळणाऱ्या गाड्या येणार, स्टँडच लागणार नाही.” होंडाने तशी गाडी जानेवारी २०१७ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात दाखवली होती, जायरोस्कोप न वापरता, आणि ती सुंदरच होती. पण तोवर पोहे खायला जायचं आहे.

शेवटी मी शॉकरना हात लावला नाही. सीटचा फोम दोन सेंटिमीटर तासून कडा अरुंद करून घेतल्या, त्याने त्रिकोणाला काहीच होत नाही. राजेंद्रनगरच्या मेकॅनिकने स्टँडला बोटभर काडी वेल्ड करून दिली, आता बुटाच्या टोकाला ती न बघता सापडते. आणि स्टँड पाडल्यावर उतरून, पुढचा ब्रेक सोडून गाडी किंचित मागे ओढते. मागे जाताना जमीन स्टँडला पुढे ढकलते, अटकेपर्यंत. ठण्.

त्या गल्लीतला चौकीदार रोज हे बघतो. परवा न राहवून म्हणाला, “मैडम, गाड़ी तो लग गई थी, फिर पीछे क्यों खींचते हो?” मी समजावायला स्प्रिंगपासून सुरुवात केली. तो शिट्टी वाजवत दुसऱ्या गाडीकडे गेला.