उद्यानविद्येची पदवी : सरकारी बागेपासून रोपवाटिकेपर्यंत

उद्यानविद्येच्या पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात फळझाडांची अभिवृद्धी (म्हणजे रोपे-कलमे तयार करणे), भाजीपाला, फुलशेती, काढणीपश्चात तंत्रज्ञान, विपणन असे विषय शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. इतिहासात मात्र ते असे एकत्र आले नाहीत. झाड वाढवण्याचे शास्त्र महाराष्ट्रात सरकारी बागेतून आले. त्या झाडावर संसार कसा चालवायचा, हे बागायतदार आपल्या खर्चाने आणि पुष्कळदा नुकसान सोसून शिकले. विद्यापीठाने या दोन्हींची सांगड घातली ती बरीच उशिरा, आणि माझ्या मते ती सर्वांत नीट बसली रोपवाटिकेत. म्हणून ही पार्श्वभूमी मुख्यतः कलमाच्या अंगाने सांगतो.

कलमे बांधण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलात गोव्यात आंब्याची कलमे होऊ लागली. हापूस, मानकुराद यांसारख्या जाती टिकल्या त्या या कलमांमुळेच, कारण त्यांच्या कोयीतून उगवलेले झाड आईच्या गुणाचे निघेल याची खात्री नसते. पण ही विद्या हाताची होती. बापाकडून मुलाकडे, माळ्याकडून गड्याकडे जाणारी. तिच्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिले गेले एकोणिसाव्या शतकात. १८३० साली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली; पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही तीच संस्था सांभाळते. १८७३ मध्ये गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्याजवळ सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. परदेशी झाडे इथल्या हवेत रुजवून पाहणे, आंब्याच्या जाती गोळा करणे अशी कामे तिथे चालत. त्या उद्यानाचे अधीक्षक जी. मार्शल वुड्रो हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र आणि शेतकीही शिकवत. बाग आणि वर्ग एकाच माणसाच्या हाती आल्याने मुंबई इलाख्यातल्या उद्यानविद्येच्या शिक्षणाला त्यातून सुरुवात झाली, असे म्हणायला हरकत नाही.

शेतकीचे वर्ग पुण्यात १८७९ मध्ये सुरू झाले, तेही अभियांत्रिकीच्या कॉलेजाला जोडून. चारच वर्षांनी, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, पिकांची प्रदर्शने भरवून चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत, होतकरू मुलांना सरकारी खर्चाने परदेशातल्या शेतकी शाळा दाखवाव्यात अशा नेमक्या मागण्या आहेत. फुल्यांच्या घराण्याला नावच मुळी फुलांच्या धंद्यावरून मिळाले होते आणि पुण्याजवळ मांजरीला त्यांची शेती होती. बागायती पिकवून ती बाजारात नेणाऱ्या घरातून आलेला हा माणूस होता. शिक्षण शेतात राबणाऱ्याच्या मुलापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यांचा आग्रह सरकारी बागांच्या आखणीत कुठेच नव्हता. आज राहुरीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीतच आहे.

१९०७ मध्ये डॉ. हॅरॉल्ड मॅन पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ, पण त्यांचे टिकून राहिलेले काम आहे हिशोबाचे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची त्यांनी घर न् घर पाहणी केली. तिथली सरासरी जमीनधारणा १७७१ मध्ये ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. (त्या शेतांवर आता पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्या उभ्या आहेत.) मला हा आकडा पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली वाटतो. सात कोरडवाहू एकरांवर ज्वारी-बाजरी घेऊन कुटुंबाचे भागणे कठीण, मात्र त्यातल्या दोन एकरांना पाणी मिळाले आणि तिथे डाळिंब, पेरू किंवा द्राक्ष उभे राहिले तर चित्र बदलते. फळबाग ही हौस न राहता लहान शेतकऱ्याची गरज का झाली, ते इथे कळते.

त्या गरजेला साजेशी झाडे गणेशखिंडीतूनच मिळाली. डॉ. जी. एस. चीमा यांनी १९२७ मध्ये तिथे पेरूची लखनौ-४९ ही निवड केली, जी आज सरदार नावाने ओळखली जाते. १९३६ मध्ये आळंदी जातीच्या डाळिंबातून त्यांनी मऊ बियांचे एक झाड निवडले. त्याला ‘गणेश’ हे नाव मिळाले १९७० मध्ये. चांगले झाड सापडणे आणि ते शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचणे यांत इतका काळ गेला. संशोधन झाले होते. ते झाड हजारोंनी तयार करून गावोगाव पोहोचवणारी यंत्रणा अजून उभी राहायची होती.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतल्या धर्तीवर शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली आणणारी कृषी विद्यापीठे देशात निघाली. १९६० मध्ये पंतनगरला पहिले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राज्यभरासाठी एकच विद्यापीठ झाले, १९६९ मध्ये अकोल्याचे वेगळे झाले आणि १९७२ मध्ये दापोली व परभणी. उद्यानविद्या या सगळीकडे बी.एस्सी. कृषीतला एक विभाग म्हणूनच होती. ज्याला त्यात खोल जायचे त्याने एम.एस्सी.ला जावे, अशी रीत.

दापोलीने मात्र एक गोष्ट अशी केली की धंद्याचे गणितच बदलले. पूर्वी आंब्याचे भेटकलम बांधत. कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत न्यायचे, त्यासाठी झाडाला मांडव घालायचा, दोघांची साल तासून बांधायची आणि जोड बसेपर्यंत दोन-तीन महिने पाणी घालत राहायचे. एका झाडावर कलमे होणार ती मोजकीच. कोयकलमात हे सगळे उलटे झाले. पावसाळ्याच्या तोंडावर कोयी गादीवाफ्यावर रुजत घालतात. आठ-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस असलेले रोप कोयीसकट उपटून त्याचा शेंडा छाटतात आणि खोडाला मधोमध साधारण दीड इंच चीर देतात. मातृवृक्षावरची पक्व काडी, जिची पाने आठ-दहा दिवस आधीच छाटून डोळा फुगवून ठेवलेला असतो, ती पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. मग ते पिशवीत लावून सावलीत ठेवायचे. हात बसलेला गडी दिवसभरात कितीतरी कलमे बांधतो, आणि ती सारी बाकावर बसून. झाडावरून न्यायची ती फक्त काडी, त्यामुळे एका चांगल्या हापूसपासून मिळणाऱ्या कलमांची संख्या अनेक पटींनी वाढली. कोकणच्या दमट पावसाळी हवेत ही पद्धत नेमकी जमते. विद्यापीठाने ती बसवली, प्रात्यक्षिकांतून आणि माळी प्रशिक्षणाच्या वर्गांतून पसरवली, आणि कोकणात गावोगावी खासगी रोपवाटिका उभ्या राहिल्या. त्याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने १९८१ मध्ये ‘रत्ना’ हा नीलम आणि हापूसचा संकर दिला. तिथल्या काजूच्या जातीही याच रोपवाटिकांतून बांधावर गेल्या.

विकलेल्या कलमाचे खरेखोटेपण कळायला चार-पाच वर्षे लागतात, तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो. हे ओळखून राज्याने १९६९ मध्येच फळरोपवाटिकांना परवाना लावणारा कायदा केला होता. काडी कोणत्या झाडाची, खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचे रोप) कोणता, याची नोंद ठेवण्याची शिस्त त्याने घालून दिली.

या सगळ्याची कसोटी लागली १९९० मध्ये. रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली आणि शेतकऱ्याला स्वतःच्याच रानात खड्डे खणायची मजुरी मिळू लागली. रोपे, खते आणि देखभाल यांसाठीचे अनुदान तीन वर्षांत, तेही जगलेल्या झाडांच्या टक्केवारीवर. कोकणात आंबा-काजू, दुष्काळी पट्ट्यात बोर, सीताफळ, डाळिंब, चिंच, आवळा. राज्याचा फळबागांचा नकाशा दहा-पंधरा वर्षांत पालटला. मागणी एवढी अचानक वाढल्यावर निकृष्ट रोपेही खपली, हेही नमूद करायला हवे. पण याच काळात उद्यानविद्या शिकलेल्या मुलाला सरकारी नोकरीबाहेर पहिल्यांदा खरे काम दिसू लागले. कोणी रोपवाटिका काढली, कोणी बागांना सल्ला देऊ लागले, कोणी ठिबकच्या किंवा निविष्ठांच्या व्यवसायात गेले.

द्राक्षाची वाट वेगळी. तिथे पुढाकार बागायतदारांचाच होता. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० चा, म्हणजे राज्यातल्या कृषी विद्यापीठांपेक्षाही जुना. भोकरी, फकडी या जुन्या जाती जाऊन बिनबियांची थॉमसन सीडलेस आली. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ही जोडी बसली. जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) द्रावणात घडांच्या बुडवण्या, घडांची विरळणी, नंतर डॉगरिज जातीचा खुंट. हे ज्ञान चर्चासत्रांतून आणि एकमेकांच्या बागेत जाऊन पसरले. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही बागायतदारांच्या सहकारी संस्थांची संस्था स्थापन होऊन सहकारातून निर्यात सुरू झाली. मांजरीचे संशोधन केंद्र त्यानंतर, १९९७ मध्ये आले. फळात उरणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या अंशांचा प्रश्न उभा राहिल्यावर २००६ मध्ये ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या संगणकीय प्रणालीची नोंदणी आणि तपासणीची पद्धत लागू झाली, तरी २०१० मध्ये सीसीसी या वाढरोधकाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षे अडकली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. नियमांची यादी, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतले अंतर), प्रयोगशाळेचा अहवाल ही कागदपत्रे फवारणीइतकीच महत्त्वाची आहेत, हे त्या हंगामाने शिकवले. आज अभ्यासक्रमात अन्नसुरक्षा आणि निर्यात गुणवत्ता या प्रकरणांना जे वजन आहे, त्यामागे हा अनुभव आहे.

फुलशेतीत झाले ते थोडक्यात असे : १९९० च्या दशकात पुणे-तळेगाव पट्ट्यात निर्यातीसाठी गुलाबाची हरितगृहे उभी राहिली. परदेशी रोपांची रॉयल्टी, विमानभाडे आणि कर्जाचे व्याज यांखाली त्यांतली बरीच कोलमडली. पुढे देशी बाजारपेठ आणि तळेगावचे प्रशिक्षण यांवर हा धंदा पुन्हा सावरला.

या पार्श्वभूमीवर चार वर्षांची स्वतंत्र उद्यानविद्या पदवी पाहिली की तिची रचना समजते. सोलनला १९८५ मध्ये देशातले पहिले उद्यानविद्या विद्यापीठ निघाले, बागलकोटला २००८ मध्ये. महाराष्ट्राने मात्र स्वतंत्र विद्यापीठ न काढता कृषी विद्यापीठांतच उद्यानविद्या महाविद्यालये सुरू केली. शेवटच्या वर्षी मुले ‘उद्यानदूत’ म्हणून गावात राहतात. त्यानंतर एखाद्या घटकात, बहुधा रोपवाटिका, हरितगृह किंवा प्रक्रिया, उत्पादनापासून विक्रीपर्यंत सगळे स्वतः करून त्याचा जमाखर्च मांडतात. हा भाग मला पदवीतला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो, ही खंत आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने नोकरी-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी पदविका काढल्या, त्यामुळे स्वतःची बाग असलेले कितीतरी प्रौढ शेतकरी विद्यार्थी झाले. फुल्यांच्या मागणीच्या जवळ जाणारी गोष्ट मला तीच वाटते.

आता प्रश्न रोपाच्या आरोग्याचा आहे. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग रोगट बागेतल्या गुटी कलमांबरोबर (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या कलमांबरोबर) नव्या तालुक्यांत पोहोचला आणि भरात आलेल्या बागा उपटाव्या लागल्या. विदर्भात संत्र्याच्या डिंक्याचेही (खोडातून डिंक गळणाऱ्या रोगाचेही) तसेच. वरूड-शेंदूरजना घाट परिसरात जंभेरी खुंटावर डोळा बांधून तयार होणारी कलमे दूरवर जातात; डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधला आणि वाफ्याची माती निर्जंतुक केली, तर पुढचे बरेच नुकसान टळते. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. त्यातल्या देशभरातल्या नऊ केंद्रांपैकी पुण्यात द्राक्षाचे, नागपुरात संत्र्याचे आणि सोलापुरात डाळिंबाचे केंद्र योजले आहे. विषाणू तपासून मातृवृक्ष राखणे, ऊतिसंवर्धन, प्रत्येक कलमाचा माग ठेवता येईल अशी नोंद, ही कामे करणारी माणसे या केंद्रांना आणि त्यांच्याकडून काडी घेणाऱ्या परवानाधारक रोपवाटिकांना लागतील. पदवीच्या सध्याच्या अभ्यासक्रमात अभिवृद्धीच्या प्रात्यक्षिकांचे तास वाढवायचे असतील, तर त्याची निकड आत्ता आहे.