ताठरतेची गोळी आणि हृदयविकाराची भीती
सिल्डेनाफिल (व्हायग्रा, शिश्नाला ताठरता यावी म्हणून घ्यायची गोळी) घेतले की हृदय बंद पडते, हा समज १९९८ मध्ये हे औषध बाजारात आल्यापासून फिरत आहे. वास्तविक ते मुळात हृदयशूळावरच (हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेवरच) तपासले जात होते. खरा धोका नायट्रेट या हृदयशूळावरच्या औषधाशी गाठ पडण्यात आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी सिल्डेनाफिलच्या जोडीला घेतली, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो, म्हणून चालू असलेले प्रत्येक औषध डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगावे. लाजेपोटी मात्र आपण खऱ्या इशाऱ्याकडेच डोळेझाक करतो: शिश्नाच्या रोहिण्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४, त्यामुळे मधुमेह, धूम्रपान वा उच्च रक्तदाबाने रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडले की पुष्कळदा ताठरता आधी कमी होते आणि छातीतले दुखणे काही वर्षांनी येते.