एलसीबी की डीएसबी? साध्या वेशातले दोन पोलीस

गावात सभा असली की मंडपाच्या मागच्या खांबाला टेकून एक जण उभा असतो. साधे कपडे, हातात मोबाईल, कोणाशी बोलणं नाही. लोक लगेच कुजबुजतात, ‘सीआयडीवाला आलाय.’ बहुतेक वेळा तो सीआयडीचा नसतोच. राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि तिच्याकडे येतात ते सोपवलेले तपास. सभेतली गर्दी मोजायला तिथून कोणी येत नाही. खांबाला टेकलेला माणूस विशेष शाखेचा. आणि ‘घरफोड्या करणारी टोळी जेरबंद’ या बातमीच्या फोटोत तोंड झाकलेल्या आरोपींमागे साध्या कपड्यांत जे रांगेने उभे असतात, ते गुन्हे शाखेचे.

हा घोळ लोकांचाच आहे असं नाही. पोलीस ठाण्यात सात-आठ वर्षं काढलेला अंमलदार ‘आता ब्रँचला जायचंय’ म्हणतो, तेव्हा कुठल्या ब्रँचला हे त्याचं त्यालाही नीट ठरवता आलेलं नसतं. गणवेश नको, ठाण्याची रात्रपाळी नको, एवढंच त्याला ठाऊक असतं.

कागदावरही दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. जिल्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा म्हणजे एलसीबी आणि जिल्हा विशेष शाखा म्हणजे डीएसबी. दोन्हीकडे एकेक पोलीस निरीक्षक, दोघेही थेट अधीक्षकांना उत्तरदायी. मुंबईत तर गुन्हे शाखेच्या नावातच ‘डीसीबी, सीआयडी’ असं येतं, पण ती राज्याची सीआयडी नव्हे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-एनमध्येही दोघींची नावं शेजारी शेजारी आहेत: उपनिरीक्षक ते निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यांचा तिथला सर्वसाधारण कार्यकाळ ३ वर्षं.

फरक कळतो तो काम कोणासाठी चाललंय हे पाहिलं की. एलसीबीवाल्याची नजर कोर्टावर असते, निदान असायला हवी. गुन्हा घडून गेलेला असतो. मोबाईलचे तपशील, सीसीटीव्ही, जुन्या गुन्हेगारांची यादी आणि खबरे यांच्या जोरावर आरोपीपर्यंत पोहोचायचं. तो हाती लागून घडाघडा बोलला तरी निम्मंही काम झालेलं नसतं, कारण पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. त्या कबुलीवरून विहिरीतून कोयता निघाला, तर ज्या वाक्यामुळे तो सापडला तेवढंच पुराव्यात येतं. म्हणून एलसीबीत टिकतो तो पळणारा गडी नव्हे, तर पंच, वेळ, जागा आणि सील चोख ठेवणारा. पळणारे गडी तसे कुठेही मिळतात.

डीएसबीवाल्याचा वाचक एकच, त्याचा साहेब. गुन्हा अजून घडलेला नसतो आणि तो घडू नये यासाठीच अहवाल जायचा असतो. मोर्चाला किती जण येतील, त्यांतले बाहेरगावचे किती, विसर्जन मिरवणुकीत कोणत्या दोन मंडळांचं मागच्या वर्षी वाजलं होतं, यावरून बंदोबस्ताची माणसं ठरतात. गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताकीद देणारी नोटीस, जुनी १४९ ची, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली १६८ ची, कोणाला बजवायची, हेही अशा माहितीवरच ठरतं. सभेत हजार खुर्च्या असल्या तरी मागच्या चार रांगा रिकाम्या होत्या, हे लिहिणारा माणूस तिथे लागतो. आयोजक सांगतो तोच आकडा टाकणारा तिथे काही कामाचा नाही. पासपोर्ट पडताळणी, परदेशी नागरिकांच्या नोंदी हे कंटाळवाणं टेबलही त्याच शाखेचं. अंदाज बरोबर निघाला तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या दंगलीचा फोटो कोण छापणार? नावाची हौस असेल त्याने इकडे फिरकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खबरे दोघांनाही लागतात. मात्र एलसीबीच्या खबऱ्याने आरोपी दाखवला की ती गोष्ट तिथे मिटते. डीएसबीचा माणूस वर्षानुवर्षं जपावा लागतो.

जायचं कसं? ही बढती नव्हे. पद तेच, वेतनश्रेणी तीच. बढतीची ज्येष्ठता यादी आणि खात्यांतर्गत परीक्षा आपल्या वाटेने चालतात. जिल्ह्यात अधीक्षकांच्या आदेशाने नेमणूक होते. पण त्या आदेशाआधीची पायरी ठाण्यातच असते. ठाण्याच्या डीबी पथकात, म्हणजे गुन्हे प्रकटीकरणात, ज्याने चार गुन्हे उघड केलेत त्याचं नाव एलसीबीच्या निरीक्षकाच्या कानावर आपोआप जातं. ज्याने ठाण्याचं ‘गोपनीय’, म्हणजे हद्दीतली माहिती काढून वर कळवण्याचं काम, सांभाळलंय, त्याचे अहवाल डीएसबीत आधीपासून वाचले जात असतात. तेव्हा ब्रँच हवी असेल तर आधी ठाण्यातलं यांपैकी एक काम मागून घ्यावं.

परतीचा विचार मात्र कोणी करत नाही. एलसीबी पुष्कळदा आरोपी आणि मुद्देमाल पुढील तपासासाठी संबंधित ठाण्याच्या ताब्यात देते, त्यामुळे तिथून परतलेल्याची केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंद, लिहायची सवय मोडलेली असते. डीएसबीतून परतलेल्याची पंचाईत आणखी वेगळी. तो गेला तेव्हा झडतीचं चित्रीकरण सक्तीचं नव्हतं, १ जुलै २०२४ पासून ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली करावंच लागतं. परतल्यावरच्या पहिल्याच झडतीत मोबाईल कोणी धरायचा, यावर पंचांसमोरच चर्चा सुरू होते.