काडतूस पुनर्भरण

रायफलच्या वापरून झालेल्या पितळी पुंगळीत नवा प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), तोलून घेतलेली धूरविरहित दारू आणि नवी गोळी हाताने बसवून पुन्हा काडतूस तयार करण्याच्या क्रियेस काडतूस पुनर्भरण म्हणतात. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील काही देशांत शिकारी व नेमबाज ही क्रिया तेथील कायद्याच्या चौकटीत राहून करतात. मुरबाड-शहापूरकडे पीकसंरक्षणाच्या संदर्भात ज्या ठासणीच्या बंदुकीचे नाव घेतले जाते, तिच्याशी याची गल्लत करू नये. ठासणीच्या बंदुकीत दारू थेट नळीत ठासतात; रायफलच्या काडतुसात दारू पुंगळीच्या आत असते आणि बार उडताना वायू मागे निसटू न देण्याचे काम पुंगळी करते.

पुंगळीचे पितळ साधारणपणे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त यांचे असते. बार उडताच ते फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या, भिंतीला चिकटते आणि दाब उतरला की किंचित आकसते, म्हणून पुंगळी सहज बाहेर येते. फुगलेली पुंगळी डायमध्ये (पोलादी साच्यात) दाबून मूळ मापाची करावी लागते. या प्रत्येक फेरीत मानेजवळचे, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या तोंडाजवळचे, पितळ कडक होत जाते आणि अखेरीस तडकते. ते मऊ राहावे म्हणून मानेला ठराविक तापमानापर्यंत तापवतात. बुडाच्या थोडे वर चकचकीत कडे उमटलेले दिसले, तर तेथील भिंत आतून झिजली आहे असे समजून ती पुंगळी टाकून द्यावी लागते. मान लांबली असेल तर ती कापून मापात आणतात, कारण लांब मान चेंबरच्या टोकाशी आवळून गोळीला पकडून ठेवते आणि दाब एकदम चढतो.

पितळाच्या एका दोषाचा शोध तर भारतातल्या पावसाळ्यानेच लावून दिला. ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली जात आणि काही महिन्यांत पुंगळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ घडवताना त्यात उरलेला ताण या तिन्हींचा हा एकत्रित परिणाम असल्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. या दोषाचे इंग्रजी नाव ‘सीझन क्रॅकिंग’ पावसाळ्याच्या ऋतूवरून पडले असे सांगतात. ठाणे जिल्ह्यात हा विषय अगदीच परका नाही: अंबरनाथची आयुध निर्माणी पितळ व इतर अलोह धातूंच्या कामासाठी ओळखली जाते आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे.

दारू ‘ग्रेन’मध्ये तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे सराफाच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडे अधिक. नौपाड्यातल्या सराफाचा काटा काचेच्या पेटीत का असतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला दारू तोलताना डोक्यावरचा पंखा बंद का करतात हे सांगावे लागत नाही. दारूंचा जळण्याचा वेग वेगवेगळा असल्याने दिसायला सारखी म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरणे घातक ठरते, आणि याच कारणाने टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवण्याचा नियम आहे. उत्पादकाच्या छापील तक्त्यातील कमाल मापापेक्षा साधारण दहा टक्के कमी मापाने सुरुवात करून लहान टप्प्यांनी वर जातात. प्रायमर चपटा होणे, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जड उचलणे, पुंगळीच्या बुडावर धातूचा ठसा उमटणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी थांबून मागे यावे लागते. मात्र खुणा दिसल्या नाहीत म्हणजे दाब मर्यादेत आहे असे मानणे हा भ्रम आहे; .३०-०६ स्प्रिंगफील्ड या रायफल काडतुसासाठी अमेरिकी प्रमाणसंस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड आहे आणि ती डोळ्यांनी मोजता येत नाही. उलट, दारू पडायची राहून गेली तर केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून येणारा दुसरा बार नळी फोडू शकतो. थंडीत ठरवलेले माप उन्हाळ्यात अधिक दाब देते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अचूकता येते ती सारखेपणातून. दारूचे वजन, गोळी बसवण्याची खोली आणि मानेची पकड दर काडतुसात सारखी असेल, तर गोळ्यांच्या वेगातील तफावत घटते. ही तफावत क्रोनोग्राफ या वेगमापक यंत्राने मोजतात. तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या गेल्या की माप सापडले असे मानणारे बरेच असतात, पण तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे आहे; तोच गट अनेकदा आणि वेगवेगळ्या दिवशी पडला पाहिजे. शिवाय शिकारीच्या अंतरावर जनावर तत्काळ मरावे यासाठी गोळीची घडण सूक्ष्म अचूकतेइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची असते.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये दारूगोळ्याच्या निर्मितीला परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. रायफल बाळगण्याच्या परवान्यातून काडतुसे तयार करण्याची मुभा मिळत नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या शहरी भागांत शस्त्रपरवाने तेथील पोलीस आयुक्तालये देतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेची शिकार बंद झाली, त्यामुळे येऊरच्या जंगलाला लागून राहणाऱ्या ठाणेकराला शिकारी काडतुसाचा हा शास्त्रविचार बहुधा वाचनापुरताच उरतो. शहरातील नेमबाज मुलामुलींचा सराव बहुतांशी दहा मीटरच्या एअर रायफलवर होतो, जिला दारू लागत नाही. पुढे .२२ रायफलकडे वळले तरी त्या काडतुसातील स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते आणि बार उडताना तो काठ चेपला जातो, त्यामुळे ती पुंगळी नेहमीच्या पद्धतीने पुन्हा भरता येत नाही.