सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसली, तर...
(जुनी बस घेऊन तिची मोटरहोम केलेल्या आमच्या ग्राहकांसाठी, तुर्भ्याच्या वर्कशॉपमधून)

"रात्री सरळ उभी केली होती, सकाळी डावीकडे बसलीय. बलून गेला का हो?" पावसाळा लागला की हा फोन हमखास येतो. बऱ्याच वेळा बलून (स्प्रिंगच्या जागी गाडी तोलून धरणारी, हवा भरलेली रबरी पिशवी) ठणठणीत असतो आणि हवा जात असते ती बोटाएवढ्या जॉइंटमधून. ते शोधायला गाडी तुर्भ्याला आणायची गरज नाही. एक टॉर्च, मोजपट्टी, भांडी घासायचं लिक्विड आणि कुंडीला पाणी मारायची स्प्रेची बाटली एवढं घरी असतंच.

आधी गाडीत काय कुठे आहे ते समजून घ्या. इंजिनवरचा कॉम्प्रेसर हवा भरतो, ती ड्रायरमधून (हवेतलं पाणी काढणारा डबा) टाक्यांमध्ये जाते. ब्रेकचा वाटा आधी भरतो, मग बलूनचा. चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि अ‍ॅक्सल (चाकांना जोडणारा आस) यांच्यामध्ये दांडा लावलेला लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतो. चासी खाली आली की तो हवा भरतो, वर गेली की सोडतो. बहुतेक बसना असे तीन व्हॉल्व्ह असतात, मागे दोन आणि पुढे एक. त्यामुळे गाडी कशी बसली यावरूनच निम्मा तपास होतो. मागची एकच बाजू बसली असेल तर त्या बाजूचा बलून, पाइप किंवा व्हॉल्व्ह. पुढचा भाग सगळाच खाली आला असेल तर पुढचा व्हॉल्व्ह आधी बघा.

इंटरनेटवर अमेरिकेतल्या जुन्या जीएमसी मोटरहोमचे व्हिडिओ बघून काही जण आमच्याकडे येतात. गाडी सुंदरच आहे, 1973 ते 1978 या काळात बनलेली. पण तिची मागची दोन चाकं एकामागे एक असतात आणि प्रत्येक बाजूला त्या दोन चाकांच्या आर्ममध्ये एक बलून आडवा बसवलेला असतो. हवा भरायला छोटा विजेवरचा कॉम्प्रेसर. तुमची गाडी बस आहे. तिथला प्रेशरचा आकडा इथे लावू नका.

मोजायचं कसं

रात्री इंजिन बंद केल्यावर चारही चाकांपाशी रिमच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, लिहून ठेवा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा मोजा. जागा सपाट हवी. सोसायटीच्या रॅम्पवर घेतलेलं माप आम्हाला काही सांगत नाही. रात्री गारवा पडला की बलूनमधली हवा आकसते, त्यामुळे एखादा सेंटिमीटर उतरलं तर काळजी नको. चार-पाच सेंटिमीटर एकाच बाजूला उतरलं असेल तर पुढे वाचा.

साबणाचं पाणी

गाडी हलू नये म्हणून चाकांच्या पुढे आणि मागे पाचर लावा. इंजिन चालू करून प्रेशर पूर्ण भरू द्या (उघड्यावर, स्टिल्ट पार्किंगमध्ये नाही, धूर कोंडतो) आणि मग इंजिन बंद करा. आता बाहेरूनच, हात पोहोचेल तिथपर्यंत साबणाचं पाणी मारा: पाइपचे जॉइंट, व्हॉल्व्हची तोंडं, बलूनची वरची-खालची कड, आणि बलूनचं रबर जिथे आत वळतं ती घडी. नजर घाई करते, म्हणून एका जागी दहापर्यंत मोजा. मोठी गळती असेल तर साबणाचा फुगा फुटून उडतो, ती कानानेही कळते. फसवते ती बारीक गळती. तिचा फेस पांढरा, मलईसारखा, हळूहळू वाढत राहतो. मारताना उडालेला फेस विरून जातो, गळतीचा विरत नाही.

आमचाच एक किस्सा सांगतो. घोडबंदरच्या एका ग्राहकाची गाडी गणपतीत कोकणात निघायची होती, मागची उजवी बाजू बसत होती. घडीत रबर तडकलेलं दिसलं, आम्ही नवीन बलून टाकला, बिल केलं. तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बसली. पाइप क्लॅम्पला (त्याला धरून ठेवणाऱ्या पट्टीला) घासून त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं, क्लॅम्पच्या आड, जिथे साबण पोहोचलाच नव्हता. बलूनचे पैसे आम्ही परत केले. तेव्हापासून क्लॅम्प ढिला करून पाइप फिरवून बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी बलूनला हात लावत नाही. पाइपवर उंदरांचे दातही बघा, उभ्या गाडीत ते हमखास शिरतात.

गळणारा जॉइंट सापडला की मार्करने खूण करा. आवळायचा मोह झाला तर आधी त्या भागातली हवा पूर्ण सोडा. आणि पांढरी टेफ्लॉन टेप कृपा करून गुंडाळू नका. तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात आणि एका गळतीच्या दोन होतात.

टाकीतलं पाणी

आपल्याकडच्या हवेत किती पाणी असतं याचा हिशेब एकदा करून बघा. पावसाळ्यात 30 अंशाला, 85 टक्के आर्द्रतेत एक घनमीटर हवेत साधारण 25 ग्रॅम वाफ असते. 40 लिटरची टाकी काट्यावर 8 बारपर्यंत भरली की तिच्यात बाहेरची 360 लिटर हवा दाबलेली असते. तिच्यात नऊ-एक ग्रॅम पाणी असतं, आणि दाबलेली हवा निवल्यावर त्यातलं जेमतेम सव्वा ग्रॅम वाफ म्हणून राहू शकतं. बाकीचं, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा, एकदा टाकी भरताना बाहेर पडतं. ड्रायर ते धरतो. ड्रायरचं काडतूस (आतला ओलावा शोषणारा, बदलायचा भाग) थकलं, किंवा जुन्या गाडीला ड्रायरच नसला, की ते टाकीत साठतं आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये जातं.

म्हणून जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा टाकीखालचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची चावी) सोडा. कॉम्प्रेसरपासून सगळ्यात जवळच्या टाकीपासून सुरुवात करा. तोंड बाजूला ठेवा, डोळ्यांवर चष्मा लावा, खाली पांढरा मग धरा. स्वच्छ पाणी थोडं आलं तर ठीक. दुधाळ, चिकट आलं तर कॉम्प्रेसर तेल टाकतोय. तेलाने व्हॉल्व्हचे रबर फुगतात, ते मात्र आमच्याकडे आणा. टाकी रिकामी केल्यावर ब्रेकचीही हवा गेलेली असते. हवा कमी असल्याचा बझर बंद होऊन प्रेशरचा काटा वर स्थिरावेपर्यंत गाडी हलवू नका.

इथे मात्र हात लावायचा नाही

हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. एक पाइप निसटला तर चासी बंप स्टॉपवर (अगदी खालच्या रबरी अडणीवर) येते, आणि तेव्हा खाली माणसाला जागा उरत नाही. अ‍ॅक्सलला जॅक लावला म्हणजे झालं असं अनेकांना वाटतं, पण अ‍ॅक्सल जागेवर राहतो आणि वरची चासीच खाली येते. स्टँड चासीखालीच लागतात, आणि ते पक्क्या काँक्रीटवर. हे वर्कशॉपचं काम आहे. लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा लांब-आखूड करून गाडी सरळ "दिसेल" असंही करू नका. गळती झाकली जाते आणि कॉम्प्रेसर दिवसभर राबतो.

रबर धुवायला साधं साबणपाणी वापरा. डिझेल, रॉकेल, ग्रीस नको. चमक आणणारं टायर पॉलिशही नको.

गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर पंधरा दिवसांतून एकदा इंजिन चालू करून ती वर येऊ द्या. पूर्ण वर आल्यावर बलून सरळ उलगडलेत का ते टॉर्चने बघा, मगच चाक फिरवा. घडी चिमटलेल्या बलूनवर गाडी निघाली की तो नवीन असला तरी फाटतो.

वर्कशॉपला याल तेव्हा रात्रीची-सकाळची मापं लिहिलेला कागद आणि टाकीतलं पाणी एका बाटलीत भरून आणा. मार्करची खूण पुसू नका.