हंगामी स्थलांतर आणि मजुरांचे हक्क (खानदेश)

खानदेशातून, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. अहिराणीत याला सरळ ‘पोट भराले जाणं’ म्हणतात. अक्कलकुवा, धडगाव आणि साक्री तालुक्यांतून भिल्ल, पावरा, मावची, कोकणी समाजांचे लोक मोठ्या संख्येने जातात. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतीत पावसाचे एकच पीक निघते. रोजगार हमी योजनेची मजुरी हाती येईपर्यंत थांबायचे तर घरात तेवढे धान्य हवे. म्हणून या स्थलांतराला स्वेच्छेचे म्हणणे अपुरे आहे.

त्यांची वाट बहुतेक वेळा सुरत-भुसावळ लोहमार्गाची: नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली, उधना. बारडोली भागात साखर कारखाने, सुरतेत यंत्रमाग आणि बांधकामे. नवापूर स्थानकातून राज्याची हद्द जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि फलाटावरचे एक बाक निम्मे इकडे, निम्मे तिकडे. त्या बाकावरचा मजूर जरा सरकला की कायद्याच्या भाषेत ‘आंतरराज्य स्थलांतरित’ होतो. मुलाची शाळा, अंगणवाडी आणि मतदारयादीतले नाव मात्र गावीच राहते.

ऊसतोडीत कामाचे माप माणूस नसून ‘कोयता’ आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि गाडी भरताना त्या डोक्यावरून वाहते. मोबदला टनावर ठरतो आणि जोडीला मिळून एकच हिशेब असतो, तोही नवऱ्याच्या नावावर. बाई दिवसभर राबते, पण कागदावर ती मजूर नसते. बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई, किमान वेतन यांतले काही मागायचे तर आधी नाव लागते. या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे.

पैसे आधीच घेतलेले असतात. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, ‘उचल’ (आगाऊ रक्कम) देतो. पडावावर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामी, ‘खावटी’चे (खाण्यापुरते दिलेले) धान्यही त्याच खात्यावर चढते. आजारपणाचा खाडा मजुरीतून कापला जातो. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि कुटुंब त्याच मुकादमाकडे बांधले जाते. वही त्याची, आकडेही त्याचेच.

कायदा मात्र स्पष्ट आहे. संविधानाचा अनुच्छेद 19 देशात कोठेही जाण्याचे व राहण्याचे स्वातंत्र्य देतो, तर अनुच्छेद 23 वेठबिगारीस मनाई करतो. 1976 च्या कायद्याने बंधबिगारी (कर्जापोटी बांधून राबवणे) आणि तिच्यापोटीचे कर्ज, दोन्ही रद्द झाले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा वेठच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितले. आंतरराज्य स्थलांतरितांसाठीच्या 1979 च्या कायद्यात पासबुक, प्रवासभत्ता व विस्थापनभत्त्याची तरतूद होती. 2020 च्या कामगार संहितेत तो सामावला गेला तेव्हा विस्थापनभत्ता गळाला, ही पीछेहाटच म्हणावी लागते.

रेशनची सोय थोडी सुधारली आहे. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांच्या शिधापत्रिका चालू लागल्या. तरी ऊस तोडून घासलेला अंगठा यंत्र कधीकधी ओळखत नाही, आणि पडाव दुकानापासून लांब असतो. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड आहे. तरीही धाकट्याला सांभाळायला थोरली बहीण पडावावर लागतेच, आणि आधी तिचीच शाळा सुटते.

खानदेशात बाहेरूनही मजूर येतात. रावेर-यावलच्या केळीबागांत मध्य प्रदेशातले आदिवासी आणि जळगावच्या कारखान्यांत उत्तरेकडचे कामगार असतात. टाळेबंदीत जालन्याहून मध्य प्रदेशातील गावी निघालेले मजूर गाडी मिळेल या आशेने भुसावळकडे पायी चालले होते. 8 मे 2020 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या त्यांच्यातील 16 जणांवरून मालगाडी गेली.

असंघटित कामगारांसाठीचे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झाले. त्यात प्रत्येक कामगाराची स्वतंत्र नोंद होऊन 12 अंकी क्रमांक मिळतो. मोळ्या बांधणारी बाई तिथे स्वतःच्या नावाने मजूर म्हणून नोंदवली जाऊ शकते. मुकादमाच्या वहीत ती अजून निम्मा कोयताच आहे.