हरलेल्या माशाला जायला जागा नाही

दुकानातून आणलेले ऑराटस मासे पहिले काही आठवडे अगदी गुणी वाटतात. पिवळेधमक, अंगावर काळे पट्टे. चौघंही काचेशी येऊन खाणं मागतात. मग त्यांतला एक काळपट व्हायला लागतो. त्याला काही झालेलं नसतं. तो नर असतो आणि टँक आता त्याचा झालेला असतो. थोड्याच दिवसांत उरलेले तिघं फिल्टरच्या पाइपमागे, शेपट्या कुरतडलेल्या, दडून बसलेले दिसतात. मग आपण त्या काळ्याला 'माजोरडा' ठरवून मोकळे होतो. मला तो माजोरडा वाटत नाही.

ऑराटस मूळचा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. तिथल्या खडकांत राहणाऱ्या या सिक्लिड कुळातल्या माशांना स्थानिक लोक 'म्बुना' म्हणतात. खडकावरचं शेवाळ हे त्यांचं जेवण आणि कपार हे घर. मादी येते तीही नराच्या याच हद्दीत. अंडी मात्र ती तोंडात घेऊन साधारण तीन आठवडे सांभाळते. म्हणजे हद्द गेली की नराचं सगळंच गेलं. तिथे हरलेला नर निघून जातो आणि पाठलाग थांबतो. चार फुटी टँकमध्ये काच आडवी येते. हरलेला डोळ्यांसमोरच राहतो, आणि जिंकलेल्याच्या लेखी समोर राहणं म्हणजे अजून माघार न घेणं.

मग त्या दादाला काढून टाकावं? टांगानिका सरोवर परिसरातल्या बर्टोनी सिक्लिडवर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रसेल फर्नाल्ड यांनी वर्षानुवर्षं काम केलं. वरचढ नर काढला की दबून राहिलेला फिका नर काही मिनिटांत रंग धरतो, डोळ्यावरचा काळा पट्टा उमटतो आणि तोच इतरांच्या मागे लागतो. पुढे मेंदूतल्या प्रजननाशी संबंधित पेशीही मोठ्या होतात. थोडक्यात, गादी रिकामी राहत नाही. हे मासे नुसते बघेही नसतात. २००७ च्या एका प्रयोगात त्यांनी इतरांच्या मारामाऱ्या पाहून, ज्या दोघांची झुंज कधी पाहिलीच नव्हती त्यांत दुबळा कोण हे ओळखलं.

उपाय ऐकायला उलटा वाटतो: म्बुनांची गर्दी वाढवा. पक्षी-अभ्यासक जेरम ब्राउन यांनी १९६४ मध्ये मांडलं होतं की, राखण्याचा खर्च मिळकतीपेक्षा कमी असेल तोवरच प्राणी हद्द राखतो. चार घुसखोर हाकलता येतात. पंधरा असले की दमछाक होते आणि एकाच बिचाऱ्याच्या वाट्याला येणारा मार सगळ्यांत वाटला जातो. सुमारे अडीचशे लिटरच्या टँकमध्ये पंधरा-एक म्बुना, एका जातीचा एकच नर आणि त्याच्यामागे तीन-चार माद्या, असा हिशेब बरेच जण ठेवतात. पण हे म्बुनांपुरतंच. फ्लॉवरहॉर्न या भांडखोर संकरित सिक्लिडवर हा प्रयोग केलात तर सकाळी तो एकटाच उरलेला दिसेल.

गर्दीची किंमत पाण्यात मोजावी लागते. जास्त मासे म्हणजे त्यांच्या घाणीतून पाण्यात साचणारं विष, अमोनिया, जास्त. दांडगा फिल्टर हवा आणि दर आठवड्याला निदान तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. ज्याला बादल्या उचलायचा कंटाळा आहे त्यानं गप्पी पाळावेत.

नवे मासे सोडताना एक युक्ती हमखास उपयोगी पडते. आधी सगळे दगड हलवा. दादाचा नकाशाच पुसला जातो. तोही त्या दिवशी नव्यांइतकाच नवखा. दिवे बंद करून सोडा, आणि एकटादुकटा नको, तीन-चार एकदम. दगड असे रचा की या टोकाचा मासा त्या टोकाच्याला दिसू नये. नजरेआड झालेला शत्रू निम्मा मिटतो.

दगड मात्र थेट टँकच्या तळावर टेकवायचे, वाळू नंतर ओतायची. सिक्लिड उकरतात. उजनीच्या काठावर ताटात येणारा चिलापी मासा याच कुळातला. त्याचा नरही तळाशी खड्डा करून तो राखत बसतो. वाळूवर रचलेल्या दगडाखालची वाळू गेली की तो कलंडतो, आणि रात्री दोनला काच फुटली तर अडीचशे लिटर पाणी खालच्या मजल्यावरचे शेजारी उठायच्या आत त्यांच्या छतात पोहोचलेलं असतं.